निरांजनामागे फिरणारे डोळे

विकास नगर, लखनौ
१९ नोव्हेंबर

चि. अपूर्वा हिस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही तिघं ठीक आहोत. बाबांनी सकाळी निशातगंजहून एवढे मटार आणले की दुपारभर आम्ही सोलतच बसलो, आणि सोललेल्यातले निम्मे तुझ्या लेकीने कच्चेच खाल्ले. रुचाची भूक परत आली आहे. डोकंही दोन-चार दिवसांत दुखलेलं नाही.

फोनवर आपल्या दोघींचं बोलणं औषधांच्या पुढे जात नाही, म्हणून लिहिते आहे. बोर्डिंगमध्ये सिस्टर दर शनिवारी घरी पत्र लिहायला बसवायच्या. जे तोंडाने बोलवत नाही ते मला अजून असंच जमतं.

डॉक्टरांनी सुचवलेली निगार एक दिवसाआड येते. फिजिओथेरपिस्ट आहे, तुझ्याहून लहान, पण धाक मोठा. डॉक्टरांनी दोन दिवस आराम सांगितला होता आणि मी मात्र त्यानंतरही पडदे ओढून रुचाला निजवूनच ठेवलं होतं. निगारने आल्या आल्या पडदे उघडले. म्हणाली, “बच्ची है आंटी, अचार नहीं कि बरनी में बंद करके रख दिया.” बाबा इतके हसले की मला रागच आला.

आता रोज सकाळी आम्ही कॉलनीच्या फाटकापर्यंत सावकाश जाऊन येतो. मग मी तिच्यासमोर अंगठा धरते आणि इकडून तिकडे नेते. मान हलवायची नाही, नुसते डोळे त्याच्यामागे फिरवायचे. मग भिंतीवरच्या अक्षरावर नजर ठेवून मान डावी-उजवीकडे वळवायची. निगार म्हणाली कुठलंही अक्षर चालेल, म्हणून मी मुद्दाम ‘ळ’ काढून लावला. तुझी लेक केळ्याला अजून केला म्हणते, निदान बघून तरी सवय होईल. चक्कर आली की थांबायचं, बसायचं. जोर करायचा नाही, आणि निगारला विचारल्याशिवाय काही वाढवायचं नाही.

सगळ्यात आवडता व्यायाम म्हणजे फरशीच्या रेघेवरून टाचेला बोटं लावत चालायचं. आमच्या नागपूरच्या कॉन्व्हेंटच्या कॉरिडॉरमध्ये काळ्या फरशीची एक पट्टी होती. गॅदरिंगच्या आधी सिस्टर आम्हाला तिच्यावरून चालवायच्या, हनुवटी वर, हात सरळ. मी तसं चालून दाखवलं तर रुचा विचारते, “आजी, आपकी सिस्टर ज़्यादा डाँटती थीं कि निगार दीदी?” तिला मग तुझी लंगडी सांगितली. चारबागच्या रेल्वे क्वार्टरचा तो लांब व्हरांडा आठवतो ना? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचीस, पाय टेकायची नाहीस, आणि मध्येच इंजिनाची शिट्टी झाली की तशीच एका पायावर उभी राहून ऐकायचीस. मी स्वयंपाकघरातून बघत असायची. मला वाटायचं, हिचा तोल कधी जाणारच नाही.

हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशीचं औक्षण तूही विसरली नसशील. आपल्याकडे माणूस दुखण्यातून घरी आलं की उंबऱ्यातच ओवाळायचं, एवढंच माझ्या डोक्यात. डोक्याला मार लागलेल्या पोरीच्या डोळ्यांपुढे मी ज्योत गोल गोल फिरवली. तिने चौकट धरली आणि दिवाळीच्या रांगोळीवरच ओकली. तू माझ्या हातातून तबक घेऊन बाजूला ठेवलंस, बोलली काही नाहीस.

बोललीस ती चारबाग स्टेशनवर, तुझी परतीची गाडी सुटायच्या आधी. “आई, आता सुट्टीत तिला एकटीला नाही पाठवणार. तुझं लक्ष नसतं.” मी तुला विचारलं, पाण्याची बाटली घेतलीस ना?

माझं लक्ष होतं, अपू.

ती बागेतल्या लोखंडी शिडीला लोंबकळत होती. तिचा हात सुटायला लागला ते मी पाहिलं. हाक मारली, बाकावरून उठले, निघालेही. अर्ध्या वाटेत माझाच तोल गेला आणि मी अशोकाचं झाड धरलं. ते धरून उभी असतानाच ती पडली. झाडाला धरलेला हात मी बाबांनाही सांगितलेला नाही. लक्ष नव्हतं असं तुला वाटलं, ते मी वाटू दिलं. निष्काळजी म्हणवून घेणं सोपं होतं. माझे पाय आता तिच्यापर्यंत पोचत नाहीत, हे म्हणणं सोपं नव्हतं.

रुचाला मात्र कळलं. एका पायावर उभं राहायचं कसं ते दाखवायला गेले आणि कपाटावर जाऊन आदळले. ती हसली नाही. म्हणाली, “आजी, दीवार पकड़ लो. मैं भी तो पकड़ती थी.” तेव्हापासून आम्ही दोघी शेजारी शेजारी भिंतीला हात लावून उभ्या राहतो. तिचा हात आता भिंतीला नसतो. माझा असतो. निगारने मलाही व्यायाम लावून दिले आहेत आणि ओरडायला कमी करत नाही.

तू म्हणालीस ते बरोबरच आहे, तिला एकटीला पाठवू नकोस. तू बरोबर ये. दोन दिवसांसाठी आलीस तरी ये. पळायला तू आहेस, गोष्टी सांगायला मी.

काल संध्याकाळी देवापुढे दिवा लावला तर रुचा समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “घुमाओ ना.” माझा हात धजत नव्हता. अगदी सावकाश एकदाच ओवाळलं. तिचे डोळे ज्योतीमागे फिरले, वर, खाली, परत माझ्यावर. तिने काहीही धरलं नव्हतं. मी तिथेच थांबले.

राहिलेलं औक्षण तुझ्यासाठी ठेवलं आहे. रविवारी तिला न्यायला येशील तेव्हा तबक तू घे. मी शेजारीच उभी असेन, भिंतीला धरून. आणि ते तुला दिसलं तरी आता चालेल.

तुझ्या वाटेकडे लक्ष असलेली,
आई