मॅकवरचा गेम आणि आरोनचा शुक्रवार

शुक्रवार, रोहा

आमच्या रोह्याशेजारच्या अष्टमी गावातला आरोन इस्रायलला गेल्यापासून आम्ही शुक्रवारीच ऑनलाइन भेटतो, तिकडचा सूर्य मावळेपर्यंत. मग शनिवारी संध्याकाळपर्यंत त्याचा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, मोबाईलसुद्धा बंद. त्याचा लाडका गेम एकदाचा माझ्या मॅक कॉम्प्युटरवर आला म्हणून पेणचं काम अर्धवट टाकून घरी पळालो. वाटेत कोलाडला भजी खात बसलो नि उशीर झाला, ती माझी चूक.

पण हा गेम! माझा माणूस पुलावर एक पाय उचलून उभा. बनवणाऱ्यांनी एकदा तरी मॅकवर चालवून बघितला असेल का? सगळी सेटिंग खाली आणली, तर आरोनच्या माणसाचा चेहराच गेला. माझा पाय तसाच वर.

"चल ना रे, पुतळा झालास काय?"

"मी चालतोय, मॅक चालत नाय!"

तो हसला. मागून त्याची आई ओरडली, "बंद कर, दिवा लावतेय."

मग हळूच म्हणाला, "हितली पोरं उद्या शब्बाथ सुटला की पुढच्या लेव्हलला बोलवतायत. जाऊ काय?"

"जा की. मला काय?"

असं का बोललो मी? लगेच 'नको जाऊ' पाठवलं, पण त्याचा फोन बंद झाला होता. उद्या संध्याकाळी तो फोन उघडेल तेव्हा ती पोरं त्याला खेळायला न्यायला दारात असतील.