मंजुळाबाईंचा पासवर्ड

१२ जुलै
केबलचा धंदा आज बंद केला. खामगावातले शेवटचे गिऱ्हाईक एक दवाखाना होता. डॉक्टरांनी टीव्ही काढला, तिथे माशांची पेटी ठेवली. वाईट वाटले नाही. वायरचे दिवस संपले हे मी फार आधी ओळखले होते.

नवे काम: ॲप. नाव 'आपलं टॉकीज'. वऱ्हाडी मालिका, वऱ्हाडी माणसे. महिना नव्व्याण्णव रुपये. मोठ्या कंपन्या याहून जास्त घेतात आणि त्यांच्या मालिकांत कोणी 'का'ला 'काऊन' म्हणत नाही.

प्रेरणाचा भाऊ अविनाश जेवायला होता. म्हणाला, "भाऊजी, दसऱ्यापर्यंत पाहा. नाही जमलं तर माझ्या तेलाच्या दुकानात गल्ल्यावर बसा. मले घरचा माणूस पाहिजेच." मी हसलो. प्रेरणा हसली नाही. शाळेत मुलांना म्हणते त्या आवाजात म्हणाली, "दसरा म्हणजे दसरा."

१९ जुलै
पहिली मालिका तयार. 'सून आली ट्रॅक्टरवर'. सुनेचे काम करणारीला ट्रॅक्टर चालवता येत नाही. त्यामुळे तो सर्व भागांत उभाच आहे. त्यातून काहीतरी खोल सूचित होते.

स्पर्धेचा अभ्यास सुरू. शेजारच्या शरयूताईंकडे मोठ्या कंपनीचे सदस्यत्व आहे. त्यांचा पासवर्ड आमच्या मुलीला, ओवीला पाठ आहे. एक खुनाची मालिका शेवटपर्यंत पाहिली. केवळ अभ्यासासाठी.

२ ऑगस्ट
ॲप सुरू. सदस्य: मी, प्रेरणा (तिच्या फोनवरून मीच), आणि वडनेर भोलजी गावच्या कोणी मंजुळाबाई. ओळख नाही, नाते नाही. शुद्ध गिऱ्हाईक.

९ ऑगस्ट
मोठ्या कंपनीने भाव निम्मा केला. शरयूताईंनी गच्चीवरून ओरडून सांगितले. आपल्या येण्याची दखल घेतली गेली, हे उघड आहे.
आपणही एकोणपन्नास.

१४ ऑगस्ट
दुसरी कंपनी मोबाइलच्या रिचार्जबरोबर फुकट देऊ लागली. फुकटच्या वस्तूची लोकांना कदर नसते. हे त्यांना कळेल.
एकोणतीस.

२० ऑगस्ट
जाहिरातींसह स्वस्त प्लॅन काढला. जाहिरात एकच मिळाली, अविनाशच्या तेलाची. थोड्या थोड्या वेळाने तो डबा घेऊन येतो. सून रडते, अविनाश येतो. सासू चिडते, अविनाश येतो. प्रेरणा म्हणाली, सगळ्यांत बरा अभिनय दादाचाच आहे.
माहेरच्या बाबतीत ती निष्पक्ष नसते.

३० ऑगस्ट
आकडे पाहिले. थरारलो. मंजुळाबाई सकाळी उठल्यापासून मालिका पाहतात. दुपारी पाहतात. कधी कधी पहिला भाग आणि चौथा भाग एकाच वेळी पाहतात. एवढी तन्मयता मी कुठे वाचलीही नव्हती.
प्रेरणाने विचारले, बाई जेवते कधी?
ठराव: मंजुळाबाईंचा जाहीर सत्कार. शाल, नारळ, फोटो. एक सच्चा प्रेक्षक पुरे, बाकीचे मागून येतात.

६ सप्टेंबर
वडनेर भोलजी. मारुतीच्या ओट्यावर अख्खे गाव जमले होते. पोरी सुनेचे संवाद म्हणून दाखवत होत्या. पंजाबराव नावाच्या एका म्हाताऱ्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "बाकी समदं झकास हाय. ते ट्रॅक्टर हालते कधी, तेवढं सांगा."
भारावलो. प्रादेशिक भाषेच्या भवितव्यावर भाषण केले. मग शाल पांघरताना मंजुळाबाईंना विचारले, इतका वेळ कसा काढता?
त्या म्हणाल्या, "मले कुठं वेळ भेटते भाऊ? वावरातून उसंत नाही. गाव पाह्यते."
मी विचारले, गाव कसे पाहते?
"पासवर्ड मागायले येतात नं. विरजण मागायले आलेल्या बाईले कोणी नाही म्हणते का? तसंच हे. दिल्यानं आपलं दही कमी होते का?"
टाळ्या पडल्या. त्यांना.
शाल परत मागता येत नाही.

७ सप्टेंबर
प्रेरणाला सांगितले, ही सरळ चोरी आहे. तिने शरयूताईंच्या पासवर्डचे काय, असे विचारले. तो अभ्यास आहे, हे तिला दहा वेळा सांगून झाले आहे.
अकोल्याच्या ॲपवाल्याला फोन केला. उद्यापासून एका सदस्याला एकच पडदा. एकाने लावले की दुसऱ्याचे बंद. आता ज्याला पाहायचे तो पैसे भरेल. गावात घरे किती! गल्ल्यावर अविनाशनेच बसावे.

८ सप्टेंबर
पंजाबरावांचा फोन. "मी चालू केलं का मंजुळाच्या घरी बंद पडते. तिनं लावलं का माहं बंद. भांडणं लावता का गावात?"
त्यांना धोरण समजावून सांगितले. त्यांनी मध्येच ठेवला. रेंज नसावी.

१५ सप्टेंबर
नवे सदस्य: नाहीत. बदल पचायला वेळ लागतो.

२४ सप्टेंबर
मंजुळाबाईंचा फोन. सदस्यत्व बंद करायचे म्हणाल्या. मी नऊ रुपये सांगितले. मग फुकट सांगितले.
त्या म्हणाल्या, "पैशाचं नाही हो भाऊ. एकटीनं पाह्यलं तं हासूच येत नाही. अन् वावरात गेल्यावर बोलावं कोणाशी? बाकीच्यायनं पाह्यलंच नसते."
लगेच ॲपवाल्याला सांगून पडदे मोकळे केले. हवे तितके. पंजाबरावांना कळवले. ते म्हणाले, आता गावानं रिचार्जवालं लावलं. त्यातलं ट्रॅक्टर चालते.

११ ऑक्टोबर
नव्या मालिकेचा विचार. ट्रॅक्टर चालवता येणारी नटी पाहणे. नाहीतर ट्रॅक्टर येणारा नट, साडीत.
प्रेरणाने तिच्या फोनमधून ॲप काढून टाकले. शाळेचे फोटो ठेवायला जागा नव्हती म्हणे. सदस्य: मी.

२० ऑक्टोबर, दसरा
अविनाशने गल्ल्याची पूजा केली. खुर्चीवर नवी गादी घातली होती. बसलो. तात्पुरता. ग्राहकाच्या मनाचा अभ्यास गल्ल्यावरून फार चांगला होतो.

२८ ऑक्टोबर
दिवाळीची गर्दी. मंजुळाबाई दुकानात आल्या. आधी अविनाशला ओळखले. "अगं माय, हे तं आपले तेलवाले!" त्याच्याबरोबर फोटो काढायचा होता. तो मी काढला.
फोन परत घेताना त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही? इथं?"
मी म्हणालो, असाच. मदतीला.
"बंद पडलं म्हणे तुमचं. मंग सांजच्याले काय पाह्यता?"
मी तेलाचा डबा पुसत राहिलो.
त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "घ्या लिहून. माह्या रिचार्जवाल्याचा पासवर्ड हाय. घरी बाईले बी द्या, शेजारीपाजारी द्या."
मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो.
"नाही काऊन म्हणता? विरजण हाय, भाऊ."
मागे लोक थांबले होते. लिहून घेतला.
केवळ अभ्यासासाठी.