माझा बास आणि बाबांचा रेडा यांची पुढील व्यवस्था

मी, या घरातली थोरली मुलगी, या घरातली पहिली पदवीधर आणि तीन जणांच्या एका लहान बँडमधली बासवादक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लिहिताना मी पूर्ण शुद्धीवर आहे. उद्या सकाळी मला भूल देणार आहेत, त्यामुळे हे विधान आजच केलेलं बरं. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आई दर थोड्या वेळाने दारात येऊन "जेवून घे" म्हणते, तो दबाव कायद्याने धरला जात नाही असं मी समजते.

हे लिहिण्याचं कारण असं. माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. पण दवाखान्याने सहीसाठी जो कागद दिला त्याच्या तळाशी, बारीक अक्षरात, "मृत्यू" हा शब्द होता. मी तो वाचला आणि प्रश्न विचारले. बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "तू वाचलंसच कशाला? सही करायची असते. असं वाचत बसलं तर दवाखान्यात जाईल का कोणी?"

बाबांनी आजवर एकही कागद शेवटपर्यंत वाचलेला नाही. माझा मात्र विश्वास आहे की लिहिलेलं असतं ते वाचण्यासाठीच. म्हणून हा कागदही शेवटपर्यंत वाचावा, ही सर्वांना विनंती.

कलम १. माझं पदवीचं प्रमाणपत्र आईला. ते आत्ताही तिचंच आहे. फ्रिजच्या वर तिने ते अशा बेताने टांगलं आहे की पाणी मागणाऱ्या प्रत्येक माणसाला ते वाचावं लागतं. गॅसवाल्याने ते तीनदा वाचलं आहे. ते तिथून हलवू नये.

कलम २. आमच्या खोलीचा खिडकीकडचा अर्धा भाग धाकट्या बहिणीला. ती तो केव्हाच बळकावून बसली आहे. हे फक्त कागदोपत्री.

कलम ३. आता बासबद्दल. हे वाद्य कोणाला माहीत नसेल तर: व्हायोलिनला कपाटाएवढं वाढवलं आणि उभं केलं की बास होतो. मी तो उभी राहून, मिठी मारल्यासारखा धरून, बोटांनी वाजवते. कॉलेजची वाद्यांची खोली आवरताना तो भंगारात निघाला होता. मी घरी आणला तेव्हा बाबांनी दारातच विचारलं, "याला म्हणतात काय?"

"बास."

"बास म्हणजे पुरे ना? मग एवढं मोठं कशाला?"

हा विनोद बाबांनी त्यानंतर घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवला आहे. मी हसणं केव्हाच सोडलं, पण माझ्या पश्चात हा विनोद कोणी बंद पाडू नये.

कलम ४. रेड्याबद्दल. हे कलम लिहायला मला सगळ्यात जड जात आहे, आणि रेडाही तसाच आहे.

बाबा भाड्याने लाउडस्पीकर देतात. पलीकडच्या चौकातला माणूस चिडून आला की कार्यक्रम यशस्वी, असं त्यांचं साधं माप आहे. मी पदवीधर झाले तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यासाठी एक अॅम्प्लिफायर बांधला. जाड फळ्या, मोठा स्पीकर, पुढे लाल दिवा. धाकटीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव रेडा ठेवलं. आईला ते नाव आवडत नाही. परवाही म्हणाली, "ऑपरेशनच्या तोंडावर रेड्याचं नाव काढू नका गं. त्याच्यावर बसून कोण येतं ते ठाऊक आहे ना?"

रेड्यात खोट काहीही नाही. मैदानात तो राजा आहे. पण आम्ही वाजवतो पुस्तकांच्या दुकानावरच्या खोलीत, जिथे चाळीस माणसं बसली की एकेचाळीसावा जिन्यात उभा राहतो. तिथे रेडा माझ्या पाठीशी ठेवला की काय होतं ते सांगते. बासच्या तारा ज्या लाकडी पुलावर टेकतात त्याला घोडी म्हणतात. घोडीच्या पायाशी शर्टाच्या बटणाएवढा पिकअप बसवलेला असतो, तो लाकडाची थरथर पकडून अॅम्पला पोचवतो. पण बासचं पोट पोकळ. रेड्याचा आवाज त्या पोटावर आदळतो, पोट थरथरतं, पिकअप ती थरथर पुन्हा रेड्याला कळवतो, रेडा आणखी जोरात. आई आणि बाबांचं भांडण ज्यांनी ऐकलं आहे त्यांना हे लगेच समजेल. शेवटी मी हात बाजूला घेतला तरी दोघं आपापसात रेकत राहतात. मी बासच्या भोकांत स्पंजाचे बोळे कोंबले, टॉवेल गुंडाळला, भिंतीपासून दूर उभी राहिले. रेडा बधला नाही.

हे मी बाबांना कधी सांगितलं नाही. त्यांनी प्रत्येक फळी स्वतः घासली होती.

हा रेडा मी जिन्याने चढवत आले. गेल्या कार्यक्रमाच्या दिवशी दुसऱ्या वळणावर माझ्या पोटात खालच्या बाजूला काहीतरी सरकलं. डॉक्टरांनी नंतर विचारलं, "जड काय उचलता?" मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेले बाबा छाती फुगवून म्हणाले, "पुस्तकं! शिकलेली आहे ती."

डॉक्टरांनी कागदावर "पुस्तके" लिहिलं. तिथेच दुरुस्ती करायला हवी होती. पण बाबांचा चेहरा बघून माझी जीभ उचलली नाही, म्हणून ती इथे करते: पुस्तके नव्हे, रेडा.

त्याच संध्याकाळचं आणखी एक. मी कसाबसा रेडा लावला, लाल दिवा लागला आणि पहिल्याच सुराला रेडा रेकला. आमचा गिटारवाला म्हणाला, "सोड ना. बास ऐकायचा नसतो, जाणवायचा असतो." दुकानाच्या मालकीण, ज्यांना आम्ही पुस्तकवाल्या काकू म्हणतो, त्या म्हणाल्या, "मला तर काहीच जाणवलं नाही बाई, कपबश्या तेवढ्या वाजल्या." मग त्यांनी त्यांचा छोटा अॅम्प आणला. लेखक लोक बोलायला येतात तेव्हा तो वापरतात. शिवणयंत्राच्या पेटीएवढा. एका हाताने उचलता येतो. आम्ही त्याला तिथल्या तिथे चिमणी म्हणालो, माझ्या बाजूला एका खुर्चीवर ठेवला आणि वायर रेड्यातून काढून तिला लावली.

मी वाजवलं. माझा सूर सुरू कुठे होतो, मध्ये काय करतो आणि संपतो कुठे, हे मला चार वर्षांत प्रथमच ऐकू आलं. लाकूड लाकडासारखं वाजत होतं. गिटारवाला मध्येच वळून माझ्याकडे बघायला लागला, कारण मी त्याच्यापेक्षा वेगळं वाजवते हे त्याला तेव्हाच कळलं.

तेवढ्यात बाबा आले. पुढच्या रांगेत बसले. माझ्या पाठीशी रेड्याचा लाल दिवा चालूच राहिला होता. चिमणीवर माझा कोट पडला होता. गाणं संपल्यावर बाबा उठून मागच्या सगळ्यांना म्हणाले, "ऐकलंत? तो मागचा! घरी बनवलाय!" लोकांनी रेड्यासाठी टाळ्या वाजवल्या. धाकटीने मला डोळा मारला. ड्रमवाल्याने तर रेड्याच्या पाठीवर शाबासकी दिली.

तर बाबा, त्या दिवशी रेडा नुसता उभा होता.

ऑपरेशननंतर तीन महिने मी काही जड उचलायचं नाही, आणि त्यानंतरही जपूनच. रेडा घेऊन मला वाजवता येणार नाही. गिटारवाल्याने एका मित्राला इलेक्ट्रिक बास घेऊन तयार राहायला सांगितल्याचं माझ्या कानावर आलं आहे. म्हणजे प्रश्न मरणाचा आहे त्याहून जास्त जगण्याचा आहे: माझी जागा रेड्यापायी जायची की नाही.

म्हणून रेडा मी बाबांना सन्मानाने परत करते. त्याला मैदानात न्या, बाबा. तिथे तो शोभेल.

कलम ५. बँकेत जे काही आहे ते धाकटीला. ती बास शिकते आहे, मी घरी नसताना, दार लावून. (शेजारच्या आजोबांच्या तक्रारीवरून कळलं. त्यांना वाटतं मीच वाजवते आणि हल्ली माझा हात बिघडला.) त्या पैशातून तिने चिमणी विकत घ्यावी, काकू द्यायला तयार आहेत. वापरण्याच्या सूचना: चिमणी जमिनीवर नाही, खुर्चीवर, कानाच्या उंचीला. कोपऱ्यात ठेवू नये, कोपऱ्यात खालचे सूर फुगतात. पिकअप आणि अॅम्प यांच्यामध्ये प्रीअॅम्प नावाची छोटी डबी लावावीच, नाहीतर आवाज पत्र्यासारखा येतो. डबीवर तळाची गुरगुर कापायचं बटण आहे, ते आधी फिरवावं. आणि आवाज कमी वाटला तर वाढवायच्या आधी बाकीच्यांना कमी करायला सांगावं. हे सांगायला धीर लागतो. तुझ्यात तो माझ्यापेक्षा जास्त आहे, उलट उत्तरं द्यायला वापरतेस तोच.

कलम ६. बास. ऑपरेशनची बातमी कळल्यावर गिटारवाल्याचा फोन आला. "काळजी घे," म्हणाला, आणि श्वासही न घेता, "तुला काही झालंच, तर बास मला देशील ना?"

"काय करणार त्याचं?"

"भोक पाडून वायर खुपसायला कायमचा जॅक बसवीन. आणि पोटात फोम भरून टाकीन, म्हणजे कटकटच नको."

मला भोवळ आली, आणि त्या भरात मी "देते" म्हणाले. मी शब्द मोडत नाही. तेव्हा: बास गिटारवाल्याला. काही कारणाने त्याला तो मिळू शकला नाही, तर धाकटीला.

आता ते कारण. माझी पदवी कायद्याची नाही, पण वाचता येतं. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, असा नियम आहे. पहिला साक्षीदार म्हणून मी गिटारवाल्याची निवड केली आहे. पिकअपसोबत आलेली माहितीपत्रिकाही त्याने वाचली नव्हती, त्या डबीचा शोध मला त्या पत्रिकेच्या चौथ्या पानावर लागला. हा कागद तो वाचेल असं मला वाटत नाही. वाचला तर बास त्याचा, आणि मी मनापासून त्याचं अभिनंदन करीन.

कलम ७. "बाई, ते कपाट कुठे उतरवू?" असं विचारणाऱ्या सर्व हॉटेल मॅनेजरांना मी क्षमा करते. बासची "ताईंची हौस" अशी ओळख करून देणाऱ्या निवेदकाला करत नाही.

उरलंसुरलं सगळं धाकटीला.

स्थळ: आमची मागची खोली.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, संध्याकाळ.
सही: थोरली

साक्षीदार पहिला: सही, गिटारवाला. ("कुठे करू? इथे? लवकर बरी हो हं." पानं उलटलीसुद्धा नाहीत. बास धाकटीचा.)

साक्षीदार दुसरा: ही जागा पुस्तकवाल्या काकूंसाठी ठेवली होती. पण बाबा आत आले, "दे, मी करतो सही," म्हणाले आणि कागद घेतला. मी म्हटलं, "बाबा, आधी वाचा." त्यांनी खिसे चाचपले. मग चष्मा आणायला गेले. ते आता पलंगाच्या कडेला बसून वाचत आहेत. चौथ्या कलमावर बराच वेळ झाला. एकदा "पुस्तकं" असं पुटपुटले. मी दुसरा कागद घेऊन हे लिहिते आहे, कारण त्यांच्याकडे बघवत नाही. खाली त्यांचं अक्षर.

"सगळं वाचलं. साक्षीदाराला काही मिळत नाही हेही वाचलं, म्हणून मुद्दाम सही करतो. रेडा मला परत नको. दिवा चालू होता म्हणून मी फसलो. तू दवाखान्यात असताना त्याच्या फळ्या कापतो, लहान स्पीकर घालतो, दिवा काढून टाकतो. खुर्चीवर मावेल, धाकटीला एका हाताने उचलता येईल आणि चौकात कोणी चिडणार नाही, एवढाच आवाज ठेवतो. एवढं बास?"

सही: बाबा