पाकिटावरचे पाय

प्रिय रंजू,

फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून हा कागद. रविवारी तुझी वीस गिऱ्हाइकं पुण्याहून पनवेलला येणार, आपल्या मिठागराच्या बांधावर न्याहारी करणार आणि मला मीठ ओढताना बघणार, असं तू ठरवलंस. तुम्ही त्याला 'अनुभव' म्हणता म्हणे. आम्ही जन्मभर पायांना चिरा पाडून घेतल्या, पण त्याला एवढं छान नाव असतं हे कुणी सांगितलं नव्हतं!

पण खरं सांगू, आपल्या मिठाच्या पाकिटावर तू लिहिलेली गोष्ट मला फार आवडते. 'माझे बाबा आजही पहाटे मिठागरात उतरतात.' दुपारी पडवीत आडवा झालो की मी ते पाकीट उशाशी घेतो. डोळे मिटले की खाडीचं पाणी वाफ्यात शिरतं, ऊन चढतं, पाण्यावर सायीसारखं मीठ धरतं. तू पाच वर्षांची, बांधावर बसून राशी मोजतेस आणि दर वेळी सातानंतर नऊ म्हणतेस. मग न्हावा शेव्याकडे निघालेल्या एखाद्या कंटेनरचा हॉर्न वाजतो आणि सगळं विरून जातं. मी पुन्हा पाकीट वाचायला घेतो.

परवा खारघरच्या एक बाई न कळवताच आल्या, वसुंधराबाई. पाकीट वाचूनच आलेल्या. मी बांधावर खुर्ची टाकून बसलेला आणि वाफ्यात आपला दादू, वीस वर्षं आपल्याकडे राबणारा. बाईंनी ओलं मीठ चाखायला हात पुढे केला, तर दादूनं ते केळीच्या पानावर ठेवलं. मीठ हातावर दिलं की भांडण होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं! नवऱ्याशी तीस वर्षं का वाजतंय ते आज कळलं म्हणाल्या आणि दोन तास दादूशी बोलत बसल्या. निघताना त्यांनी विचारलं, या दादूचं पाकिटावर काहीच कसं नाही? मी चहाचा विषय काढला.

आता मुद्द्याचं लिहितो. पाकिटासाठी फोटोवाला आला त्या सकाळी तू पुण्यात होतीस. त्याला चेहरा नको होता, फक्त मिठातले पाय हवे होते. पाकिटावरचे पाय दादूचे आहेत, रंजू. त्याच्या बायकोनं, सुमतीनं, दुकानात बघताक्षणी ओळखले, "आवं, हे तं आमचे घरचे पाय हाय!" तू ओळखले नाहीस याचं वाईट वाटून घेऊ नको, मीच गप्प राहिलो. दोन वर्षं झाली, गुडघे मला वाफ्यात उतरू देत नाहीत. तुझ्या त्या एका ओळीत तरी मी चालत होतो, ती खोटी म्हणायला जीभ रेटेना. पण रविवारी दादूला बाजूला उभं करून वीस माणसांसमोर सोंग आणणं माझ्याच्यानं होणार नाही. गोष्ट बदल. त्याचं नाव लिही, चेहरा छाप. आणि तू शनिवारीच ये, एकटी. तुझा बाबा आता काठी घेऊन कसा चालतो ते आधी तू बघ.

तुझाच,
बाबा