शोभेची कोंबडी

ती. आत्यांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकली आहेत, उरलेली दोन भेटीत टेकवीन.) तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली म्हणून तुम्ही डॉक्टरच बदललात असं कानावर आलं. बरं केलंत. गुडघा बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे परवा दुपारपासून आहेत. त्याआधीचं जे काही आहे, त्याला नेहमीप्रमाणे तुमचे धाकटे बंधू कारण.

बाबांनी चाळीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून काढली, हे तुम्हाला सांगायला नको. शहरातल्या झाडून सगळ्या दुकानदारांचे तराजू तपासून झाल्यावर ते निवृत्त होऊन घरी बसले आणि घरात तपासायला उरलो आम्ही दोघं नवराबायको. साबणाची वडी वेष्टनावर लिहिल्यापेक्षा चार ग्रॅम कमी भरली म्हणून त्यांनी ती वापरू दिली नाही (आम्ही तीन दिवस कायदेशीररीत्या मळकट राहिलो). तुमच्या सूनबाईला त्यांनी विचारलं, ‘चिमूटभर म्हणजे किती, ते एकदा ठरवून टाक.’ मी पुस्तकं बांधायला बसलो की माझ्या टेबलाशी पट्टी घेऊन उभे. एकदा तर मी झोपेत असताना माझ्या घोरण्याचं काहीतरी मोजत होते. काय, ते विचारायचं धाडस मी केलं नाही. सूनबाईने माहेरी जायची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. मीही माझे दोन सदरे हळूच त्यात सरकवले होते.

अशात एके दिवशी कोपऱ्यावरच्या वळणावर कोंबड्यांच्या ट्रकमधला एक पिंजरा उचकटला आणि एक कोंबडी बाबांच्या पायाशी येऊन पडली. बाबा तिला काखेत मारून ट्रकमागे दोन चौक धावले (वय वर्षं अडुसष्ट!), गाडीचा नंबर टिपला, मालकाला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. तेव्हा ‘मालक येईपर्यंत ठेव म्हणून सांभाळणे’ असा निकाल देऊन त्यांनी तिला गच्चीवरच्या खोक्यात ठेवलं. रूप म्हणाल तर मान बोडकी, शेपूट रस्त्यावरच राहिलेलं, आणि चालणं कर्जवसुलीला निघाल्यासारखं. पण बाबा तिच्यापाशी तासन्‌तास बसायला लागले. आई गेल्यापासून ज्या माणसाने आमच्याशी ‘कमी आहे’ आणि ‘जास्त आहे’ याखेरीज तिसरं वाक्य उच्चारलं नव्हतं, तो माणूस कोंबडीला पेपर वाचून दाखवायला लागला. आमची सुटका झाली. सूनबाईने पिशवी रिकामी केली. माझे सदरे तिने पुन्हा कपाटात लावले.

कोंबडी रोज अकराला अंडं देते आणि मग सगळ्या गल्लीला ते सांगते. आमच्या खालीच दातांचा दवाखाना. त्या ओरडण्याने एक रुग्ण दचकला आणि त्याने डॉक्टरांचं बोट चावलं. डॉक्टरांनी त्याच बोटाने तक्रार लिहिली. आठवड्यात नगरपालिकेच्या पाळीव प्राणी विभागाची नोटीस दारावर. शहरात ‘शोभेचा पक्षी’ ठेवता येतो, ‘उत्पादक पक्षी’ ठेवता येत नाही. आणि ज्या पक्ष्याचं अंडं घरात खाल्लं जातं तो उत्पादक. उत्पादक ठरला की रवानगी कोंडवाड्यात. कोंडवाड्यातून गाय परत आल्याचं ऐकिवात आहे, कोंबडी परत आल्याचं नाही.

बाबा मात्र निर्धास्त. त्यांनी शोभेच्या पक्ष्याच्या परवान्याचा अर्ज भरून टाकला. कोंबडी परक्याची, तेव्हा अंडीही परक्याची, असा त्यांचा हिशेब. प्रत्येक अंडं ते तोलून घेत, त्यावर पेन्सिलीने तारीख, वजन आणि सही घालत आणि सूनबाईकडे देत. तिने ते माळ्यावरच्या भुशाच्या पेटीत ठेवायचं. (बाबांचा खांदा वर जात नाही. ‘सीलबंद नमुन्याला मी हात लावत नाही,’ असं ते म्हणतात, पण कारण खांदा.) तीन महिन्यांत एकाही अंड्याला वास नाही, हा भुशाचा गुण, असं ते दूधवाल्यालासुद्धा सांगत.

आत्या, तो भुशाचा गुण नव्हता. तुमची सूनबाई अंड्याला सुईने भोक पाडून आतला ऐवज वाटीत काढून घेत असे, मी पुस्तकांच्या खळीने भोक बुजवत असे, आणि रिकामं टरफल सहीसकट पेटीत जाई. बाबा दुपारी वाचनालयात गेले की आमचं आम्लेट. पाप म्हणावं तर ते फार मऊ होतं.

परवा तपासनीस बाई आल्या. वय तिशीच्या आत, चेहरा नव्या कोऱ्या रबरी शिक्क्यासारखा. आम्हाला वाटलं, कोंबडी बघतील, सही करतील, जातील. पण बाबांचं चाळीस वर्षांचं रक्त उसळलं. त्या निघायला लागल्या तर म्हणाले, ‘स्वयंपाकघर बघितलं नाहीत.’ ते झालं तर म्हणाले, ‘पलंगाखाली?’ बाई वाकून पलंगाखाली शिरल्या तेव्हा बाबांच्या तोंडावर जे समाधान पसरलं, ते माझ्या लग्नातही नव्हतं. आणि मग स्वतः होऊन म्हणाले, ‘माळ्यावर पेटी आहे. सगळी अंडी जागच्या जागी आहेत. वजनं लिहिलेली आहेत. पडताळून घ्या.’

सूनबाई म्हणाली, शिडी मोडली आहे. बाबा म्हणाले, शिडी दाराआड आहे. मी पेटी उतरवली. ती जड असल्याचं दाखवायला दोनदा कण्हलो.

बाबांनी आपला पितळी तराजू मांडला. बाईंनी वरचं अंडं उचललं, ‘त्रेपन्न ग्रॅम’ असं मोठ्याने वाचलं आणि पारड्यात ठेवलं. दुसऱ्या पारड्यातली वजनं धाडकन खाली बसली, अंडं वर उडालं आणि तिथेच झुलत राहिलं. बाबांनी एकेक वजन काढत आणलं. सहा ग्रॅम भरलं. मग भिंग लावून त्यांनी अंडं फिरवून बघितलं. भोक सापडलं, खळ सापडली, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी गणितात नापास झालो होतो तेव्हा त्यांनी असं बघितलं नव्हतं. तेव्हा निदान रागावले होते.

बाईंनी विचारलं, ‘हे काय आहे?’

बाबांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. मग म्हणाले, ‘बाष्पीभवन.’

‘सत्तेचाळीस ग्रॅम?’

‘उन्हाळा कडक होता.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘आजोबा, तुम्ही वजनमापात होतात ना? दुकानदाराने हे उत्तर दिलं असतं तर?’

‘दुकानाला टाळं ठोकलं असतं,’ बाबा म्हणाले. ‘तुम्हाला लिहायचं ते लिहा. पण सकाळी मी उठतो तेव्हा या घरात ती एकटीच जागी असते.’

मी माझ्या नखांतली खळ काढत बसलो. बाई उठून गच्चीवर गेल्या, त्या बोडक्या मानेकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि त्यांनी अर्जावर लिहिलं: ‘शोभेचा पक्षी. शोभा: बेताची.’ जाताना बाबांना म्हणाल्या, ‘पलंगाखालचं लक्षात ठेवीन.’

संध्याकाळपर्यंत बाबांनी आमच्याशी अबोला धरला. जेवायला बसल्यावर ताट पुढे सरकवून म्हणाले, ‘मलाही वाढ. मालाची तपासणी व्हायला हवी.’ अर्धं आम्लेट संपल्यावर म्हणाले, मीठ कमी आहे. सूनबाईने किती ग्रॅम ते विचारलं. तर म्हणाले, ‘चिमूटभर.’

असो. लांबण लागली. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक (निदान पत्रात),
भाचा

ता. क. – परवाना पक्का व्हायला एका प्रतिष्ठित ज्येष्ठ नागरिकाचं प्रतिज्ञापत्र लागतं. सोबत जोडलं आहे. ‘सदर पक्ष्याचे अंडे कोणीही खाल्ल्याचे माझ्या माहितीत नाही’ या ओळीखाली सही करून उलट टपाली पाठवावं. बाकी काही वाचत बसू नये.

ता. क. २ – खोटं लिहायला तुम्ही नकार द्याल असं बाबांचं म्हणणं. म्हणून नाइलाजाने कळवतो, तुमच्या वाढदिवसाला सूनबाईने जो केक पाठवला होता आणि ज्याचं तुम्ही फोनवर पाऊण तास कौतुक केलंत, त्यात सहा अंडी होती. सहाही टरफलांवर तुमच्या भावाची सही आहे.