चौकीपेक्षा मोठा तंबू

दमास्कस, ७ रज्जब १३२३

चि. शाकिर यास आजीचे अ. उ. आ. आणि दोन्ही गालांचे मुके.

तू राहतोस तरी कुठे एवढंच विचारलं होतं, तर अख्खी तारचौकी हाताने काढून धाडलीस! शेजारची उम्म नईम म्हणाली, दिवाणखान्यात लावा. मी चुलीपाशी लावलाय, तिथेच मी असते. औंदा जर्दाळूच्या पोळ्या छान वाळल्या, माश्याही कमी. हां, तर नकाशा. मला मशिदीतल्या बाईने चार अक्षरं शिकवली तेवढीच, पण डोळे आहेत की! कमांडरचं घर हरभऱ्याएवढं. तोफ म्हणजे उंदराची लेंडी. आणि विहिरीकाठच्या काळ्या तंबूचे दोर, चूल, दाराशी कुत्रं, कुत्र्याच्या शेपटीचा बाकसुद्धा! लेका, कुत्र्यांचा एवढा लळा तुला कधीपासून? तिथे कोण राहतं ते लिही. लाजू नकोस, तुझे आजोबा आमच्या गच्चीकडे बघता बघता गाढवावरून पडले होते.

तुझ्या उत्तरावर डोळे लावून बसलेली,
आजी

तारचौकी, २ शाबान

ती. आजीस सा. सलाम वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. साहेबांनीही हा नकाशा फेकून दे म्हणून परत केला होता, तोच तुला धाडला. चौकीपेक्षा तंबू मोठा कसा, म्हणाले! तंबू तारेच्या खांबांच्या राखणदाराचा. त्याची मुलगी नौफ. मला ती हवी आहे आणि तिला मी. पण वाळवंटातल्या या टोळ्यांत मुलीवर पहिला हक्क चुलतभावाचा. तिच्या चुलतभावाने, फलाहने, तो सोडला नाही, तर तिला दुसरं कुणी मागूच शकत नाही. रमजानपूर्वी मला पुढच्या चौकीचा नकाशा काढायला जायचंय. मग परत कोण येऊ देतंय?

तू मागणं घेऊन येशील? पण होकार मिळेपर्यंत कॉफीला ओठ लावायचे नसतात, आणि तीन पेले पोटात गेल्याशिवाय तुला तर माणसं ओळखू येत नाहीत!

लोभ आहेच, कॉफीपुरता आवर,
शाकिर

नौफचा तंबू, २६ शाबान

चि. शाकिर यास अ. उ. आ.

तू निघून गेल्यावर पोचलो, मी आणि तुझे काका. बरंच झालं, नवरदेवाने मध्ये लुडबुड करू नये. आगगाडीत माझं कंबरडं मोडलं आणि उंटाने उरलेलं मोडलं. नकाशा मात्र बरोबर. कुत्रंच आधी भेटलं. शेपूट उलट्या बाजूला वळते रे, दुरुस्त कर.

नौफची आजी म्हणजे फलाहचीही आजी. तिने कॉफी पुढे ठेवली. वेलदोड्याचा तो वास, शाकिर! अल्लाने माझी परीक्षाच घेतली. ती म्हणाली, घ्या ना, गार होतेय. मी म्हटलं, होऊ दे, तुमच्या एका नातवाचा हक्क माझ्या नातवाच्या वाटेत उभा आहे. तिने फलाहला हाक मारली.

मी नकाशा पसरला. पोराने वाकून बघितलं. नौफ पडद्याआडून बघत होती, ते त्यानेही पाहिलं. कुत्र्यावर बोट ठेवून म्हणाला, हे कुत्रं माझं आहे. मग म्हणाला, जो आमच्या दारातलं कुत्रंही विसरत नाही, तो हिला काय विसरणार? मी हक्क सोडला.

बाळा, अशी गार, कडू कॉफी जन्मात प्याले नव्हते. थेंबही ठेवला नाही.

दुसरा पेला हातात धरून बसलेली,
आजी