मॉनिटर बंद ठेवून

४ नोव्हें., मंगळ.
वसईत पापडी गावातल्या अंधांच्या कॉम्प्युटर क्लासवर सातवा दिवस. आलो होतो वायरिंगला, रेश्मा मॅडमनी ठेवून घेतलं. त्यांना स्वतःला दिसत नाही. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा त्यांचा कॉम्प्युटर इतका भरभर बोलतो की मला एक शब्द कळत नाही. माझं काम: नव्या माणसाशेजारी बसायचं, माऊस काढून ठेवायचा; सगळं कीबोर्डवर नि कानावर.
नवा माणूस सावंत काका, नालासोपारा. ऑफिसात टपालाचे क्लार्क. नजर कडेकडेने जातेय. १४ ला ऑफिसचे साहेब समोर बसवून बघणार. आवाजावर पत्र वाचता आलं तर टेबल राहील, नाहीतर दाराशी शिपायाचं स्टूल.

६, गुरु.
काका ऐकत नाहीत, बघतात. नाक काचेला टेकवून. मॉनिटर बंद केला तर, "मी आंधळा नाय रे अजून!" बरं म्हटलं. परत चालू.
मॅडम पलीकडून, "काका, काचेत तोंड घालून बोलताय. आवाजावरून इथपर्यंत कळतंय."

८, शनि.
गेलो नाही. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर कोळी होडी रंगवत होते, बघत बसलो. दुपारी एक ब्रश माझ्याही हातात. फोन सायलेंट.

१०, सोम.
काका सुटले! मॉनिटर बंद, हेडफोन कानाला, सरावाचं पत्र घडाघडा. मी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी नाही.

११, मंगळ.
मॅडमनी पत्रातली दुसरी ओळ गुपचूप बदलली होती. काल काकांनी जुनीच वाचली. शनिवारी मी नसताना मॉनिटर लावून सगळं पाठ केलेलं.
मॅडम, "पाठांतर छान आहे. बालवाडीत घालू का?"
कोणी हसलं नाही. काका बाहेर गेले, पायाने चप्पल चाचपत. मी मागे. म्हणाले, "कानाने वाचायला लागलो की घरी धरूनच चालतील रे, की डोळे गेले."
चहा पाजला.

१३, गुरु.
आले. मॉनिटरची पिन स्वतःच काढली. आवाज एकदम हळू, पत्र नवं. चार ओळींना अर्धा तास. पाचवीत चुकले, परत पहिलीपासून.
मध्येच मित्राचा फोन, गोव्याला चल. उद्यानंतर बघू म्हटलं. का म्हटलं काय माहीत.

१४, शुक्र.
सकाळी अकराला काकांचा फोन, ऑफिसच्या जिन्यातून. पत्र वाचून झालं, दोनदा अडकले. साहेब म्हणतायत, कशाला एवढा त्रास, मोठा स्क्रीन देतो, दिसतंय तोवर बघा.
"काय सांगू त्यांना?"
"थांबा, मॅडमना विचारतो."
"त्यांना नको. त्या काय म्हणणार ठाऊक आहे. तू सांग."
मॅडम शेजारीच. टाइप करता करता हात थांबले त्यांचे. म्हटलं, "मोठा स्क्रीन नको सांगा, काका. कानानेच."